हालचालीमुळे खराब

जोडवी निघत नव्हती.
पायांना सूज, चांदी बोटात रुतलेली.
साबणाचा फेस लावून लावून मुलाणी सिस्टर थकल्या
तेव्हा तीच वाकायला बघत म्हणाली,
"पोटामुळं दिसत न्हाई ओ,
न्हाईतर मीच काढली असती."

मिरजेत एका तळघरात
मी हे यंत्र चालवतो. सोळा वर्षं.
गुडघे, मणके,
ट्रॅक्टरवरून पडलेल्यांची डोकी.
न जन्मलेलं डोकं मात्र
यंदाच बघू लागलो.

कुंतला मगदूम, नांद्रे.
बत्तिसावा आठवडा; सोनोग्राफीत पोट अठ्ठाविसाचं.
अभ्यासाच्या कागदावर नाव नाही,
नुसता क्रमांक: सतरा.
भिंतीवरचा फलक तिनं अक्षर अक्षर वाचला,
येथे गर्भलिंग निदान केले जात नाही,
आणि विचारलं,
"वजन तरी सांगता का?"

अंकलीकर बाई तिच्याशेजारी स्टुलावर बसल्या.
वार नीट पोसत नाही, म्हणाल्या.
मग बाळ आतल्या आत
हातापायांचं, पोटाचं कमी करतं
आणि रक्त आधी डोक्याकडे धाडतं.
डोकं वाचतं, असं आम्ही समजत होतो.
पण वाचतं म्हणजे किती,
मेंदूला वळ्या वेळेवर पडतात का,
ते बघायचंय.
तुमच्या बाळाला उपयोग होईलच असं नाही.
पुढच्या कुणाच्या तरी.

ती नवऱ्याकडे बघून म्हणाली,
"विरळणी हाय म्हणायची.
तेची तेनंच केली."

नवऱ्याच्या खिशात द्राक्षाचा मणी मोजायची पट्टी होती,
भोकाभोकांची. सोळा मिलिमीटर, अठरा, वीस.
लोखंडी आहे का, मी विचारलं.
प्लास्टिकची, म्हणाला.
तरी बाहेरच थांबा, म्हणालो.

डाव्या कुशीवर, पाठीशी उशी.
यंत्र ठोकायला लागलं.
श्वास धरा. वीस सेकंद. सोडा.
परत धरा.
आईला सांगता येतं.
आत कुणाला सांगणार?

काप उमटत गेले, चार-चार मिलिमीटरचे.
पांढरं पाणी, त्यात मेंदू:
निवत्या दुधावर साय धरावी
आणि कडेला एखादीच सुरकुती यावी, तसा.
या आठवड्याला आणखी हव्यात का,
मला विचारू नका. मी मोजत नाही.
मोजायला पुण्यात पोरं आहेत,
एकेक वळी उलगडून
तिचं क्षेत्रफळ काढतात,
बांध सोडून रान मोजावं तसं.

नवव्या मालिकेत सगळं फिसकटलं.
पाचवा काप धुरकट, सहावा त्याहून.
मान फिरवली असेल, किंवा जांभई,
किंवा आवाजावर चिडून
दाण्याएवढी मूठ उगारली असेल.
रकान्यात दर्जा लिहायचा असतो.
लिहिलं: हालचालीमुळे खराब.
परत वाचलं.
एवढ्या आनंदानं
मी कधी काप बाद केला नव्हता.

बाहेर आल्यावर म्हणाली,
"औषध मारायचा ब्लोअर कानाजवळ धरल्यागत.
ते घाबरलं असंल का ओ?"
बाई म्हणाल्या, नाही.
मी काही बोललो नाही.

जोडवी परत चढेनात.
"ऱ्हाऊ द्या हितंच," म्हणाली,
"बाळाला घिऊन यायचंच हाय की फोटोला."
मी स्टीलच्या वाटीवर पट्टी चिकटवून
सतरा लिहिलं,
मग खोडून कुंतला.

ड्रॉवर ओढला की
दोन्ही एकमेकांवर वाजतात.
आता छत्तिसावा चालू असेल.
नांद्र्याहून अजून फोन नाही.